लोढणे आणि दावे : सायकलच्या कुलपाविषयी चार गोष्टी



या पानावर मी एरवी बेणे, खत, हुमणी आणि खोडव्याचे पाचट यांविषयी लिहितो. या खेपेला विषय जरा निराळा आहे, आणि त्याला कारणही तसेच घडले.

गेल्या हंगामात एक वयस्कर सभासद ऊस नोंदीच्या कामाला गट ऑफिसात आले. आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणतो. नोंद झाली, सही झाली, तरी आबा उठेनात. विचारले तेव्हा म्हणाले, "नातीची सायकल गेली, साहेब. फाट्यावरनं. कुलूप लावलं हुतं की! किल्ली अजून तिच्या दप्तरातच हाय."

नात अकरावीला. वस्ती मळ्यात. मळ्यापासून फाट्यापर्यंत तीन-साडेतीन किलोमीटर सायकल, तिथे ती लावायची आणि पुढे एस.टी.ने कॉलेजला. सायकल गेल्यापासून पहिली गाडी रोज चुकू लागली. तोडणीच्या घाईत पोरीला सोडायला-आणायला घरात मोकळा माणूस नाही. "आता बारावी घरात बसूनच दे" अशी बोलणी सुरू झाली होती. चोराने नेली सायकल, पण जायला निघाले होते पोरीचे शिक्षण. म्हणून हा लेख.

कुलूप लावूनही सायकल जाते कशी?

आपल्या बहुतेक सायकलींना मागच्या चाकाजवळ, फ्रेमवर बसवलेले गोल कुलूप असते. दांडी दाबली की त्याची कडी चाकाच्या तारांमधून जाते, किल्ली हातात येते आणि आपण निर्धास्त होतो. मीही होत होतो. कृषी पदविका घेऊन शेतकी खात्यात नवा लागलो तेव्हा प्लॉटची पाहणी सायकलवरूनच करायचो. एकदा आडसालीचा प्लॉट मोजायला आत शिरलो, सायकल बांधाला लावून, कुलूप घालून. अर्ध्या तासाने बाहेर आलो तर बांध मोकळा. चिखलात सायकलच्या चाकाची एक रेघसुद्धा पुढे गेलेली नव्हती. होते ते दोन माणसांच्या पायांचे ठसे आणि टेंपोच्या टायरची खूण. सायकल उचलून नेली होती. कुलूप शेवटपर्यंत लागलेलेच होते.

उनाड जनावराच्या गळ्यात आपण लोढणे अडकवतो. त्याने ते पळत नाही, एवढेच. म्हणून काही आपण त्याला रात्री रस्त्यावर सोडत नाही. गोठ्यात आणून दाव्याने खुंट्याला बांधतोच. चाकाचे कुलूप म्हणजे लोढणे. सायकल चालवता येत नाही, पण पंधरा-वीस किलोची सायकल दोन माणसे सहज उचलतात. सायकलीला दावेही हवे आणि खुंटाही हवा. या लेखात सांगायचे ते मुख्यतः एवढेच.

दावे कसले घ्यावे?

वायरचे कुलूप : बोटाएवढे जाड दिसते, पण त्यातली बरीचशी जाडी प्लॅस्टिकची. आत बारीक तारांचा पीळ असतो. तार कापायच्या कटरने तो फार वेळ न लागता तुटतो. सीट किंवा पुढचे चाक अडकवायला ते ठीक. सायकल राखायला एकटे नको.

नंबरचे कुलूप : किल्ली सांभाळावी लागत नाही म्हणून पोरांना आवडते. पण हलक्या प्रतीचे असेल तर ते ताणून धरून चकत्या हळूहळू फिरवल्या की बोटांना खाच लागते आणि कुलूप उघडते. शिवाय कुलूप लावल्यावर एकच चकती फिरवून मोकळे होणारे बरेच असतात. घ्यायचेच तर चांगले घ्यावे, सगळ्या चकत्या फिरवाव्यात आणि जन्मसाल ठेवू नये.

साखळी आणि कुलूप : आपल्या कामाला हे सर्वांत सोयीचे. मात्र हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साधी साखळी मऊ लोखंडाची असते, हॅक्सॉने कापली जाते. साखळी घ्यावी ती कडक केलेल्या पोलादाची. कडक म्हणजे काय हे आपल्याला कोयत्यावरून कळेल. लोहार कोयता तापवून पाण्यात बुडवतो, त्याला आपण 'पाणी देणे' म्हणतो. पाणी दिलेल्या धारेवर कानस घासली तर ती घसरते, बिनपाण्याच्या लोखंडावर ओरखडा उठतो. दुकानदाराला विचारून साखळीच्या एका कडीवर कानस घासून पाहावी. दहा रुपयांचे कापड आपण चुरगाळून बघतो, मग साखळी का बघू नये?

जाडीही पाहावी. आठ मिलिमीटरच्या आतली साखळी मध्यम कटरपुढे टिकत नाही. दहा ते बारा मिलिमीटरची, चौकोनी कड्यांची साखळी गावात आणि फाट्यावर वापरायला चांगली. त्याहून जाड घेतली तर अधिक मजबूत, पण वजन इतके की पोरे ती घरीच ठेवून जातात, आणि घरी राहिलेल्या साखळीचा उपयोग शून्य. लांबी तीन फूट पुरे. कुलपाची कडी साखळीइतकीच जाड हवी. साखळी बोटाएवढी आणि कुलूप पेटीचे, असे झाले तर चोर साखळीकडे बघतसुद्धा नाही. कडीचा जितका कमी भाग उघडा राहील तितका चांगला, म्हणजे कटरला तोंड घालायला जागा मिळत नाही.

यू-लॉक : इंग्रजी यू अक्षरासारखी जाड सळई आणि तिला आडवा दांडा. कडक पोलादाचा, तेरा-चौदा मिलिमीटर किंवा त्याहून जाड सळईचा यू-लॉक साखळीपेक्षा हलका पडतो आणि भरवशाचा असतो. अडचण एवढीच की तो बारीक खांबालाच बसतो. घेताना किल्ली चपटी पाहावी. गोल नळीसारखी किल्ली लागणारे काही यू-लॉक साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात, असे २००४ साली अमेरिकेत उघडकीला आले आणि कंपनीला ते बदलून द्यावे लागले. महाग वस्तूचीही खोट अशी निघते.

किंमत किती घालावी? सायकलच्या किमतीचा निदान दहावा हिस्सा कुलपाला, असा एक ढोबळ हिशेब आहे. आठ हजारांच्या सायकलीला ऐंशी रुपयांचे कुलूप म्हणजे ठिबकचा खर्च करून फिल्टर न बसवण्यासारखे.

आणि एक गोष्ट मनात पक्की धरावी. बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे कोणतेच कुलूप कायम टिकत नाही. पण त्याचा आवाज होतो, ठिणग्या उडतात, वेळ जातो. चांगले कुलूप चोराचा वेळ खाते, आणि चोराजवळ वेळच नसतो.

बांधावे कसे?

१. दावे फ्रेममधून गेलेच पाहिजे. नुसत्या पुढच्या चाकाला बांधले तर चोर चाक तिथेच ठेवून बाकीची सायकल नेतो. फ्रेम, मागचे चाक आणि खांब, तिन्ही एका फेऱ्यात घ्यावेत. पुढचे चाक हाताने दांडी फिरवून निघणारे असेल तर त्याला वेगळी वायर घालावी.

२. खुंटा पारखावा. खांब हलवून पाहावा. तो बुटका असेल तर सायकल वरून काढता येते. बोल्टने जोडलेली पाटी, तारेचे कुंपण, बांबू किंवा कोवळे झाड खुंटा म्हणून चालत नाही. काँक्रीटमध्ये पुरलेला लोखंडी खांब किंवा वेल्डिंग केलेले ग्रिल उत्तम. विजेच्या खांबाला किंवा डीपीजवळ सायकल कधीही बांधू नये. पावसात खांबात करंट उतरला तर सायकलीपेक्षा मोलाचे जाईल.

३. साखळी जमिनीवर लोळू देऊ नये. जमिनीवरच्या साखळीवर घण घालता येतो, आणि कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार देता येतो. साखळी उंच आणि आवळून ठेवावी. यू-लॉकमध्येही मोकळी जागा कमीत कमी राहावी, म्हणजे पहार किंवा जॅक घुसत नाही.

४. किल्लीचे भोक खाली करावे. पाणी आणि माती आत जात नाही.

५. चाकाचे जुने कुलूप काढून टाकू नये. तेही लावावे. दोन निरनिराळ्या कुलपांना चोराला दोन निरनिराळी हत्यारे लागतात.

६. "दोन मिनिटांत येतो" म्हणून उघडी ठेवू नये, आणि घरच्या अंगणातही बांधावी. माझी सायकल आपल्याच सभासदाच्या बांधावरून गेली, शहरातून नव्हे.

देखभाल

आपल्याकडे धूळ, भुसा आणि पाचटाची राख यांची कमतरता नाही. कुलपात इंजिनचे जुने तेल किंवा ग्रीस घालू नये, त्यावर धूळ बसून चिखल होतो. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब महिन्यातून एकदा पुरेत. तेल नसेल तर किल्लीवर शिसपेन्सिल घासून ती चार वेळा आत-बाहेर करावी. दुसरी किल्ली घरी खुंटीला, पहिलीच्या जुडग्यात नव्हे.

सायकल गेलीच तर

प्रत्येक सायकलला फ्रेम नंबर ठोकलेला असतो. बहुधा पायडलच्या मुळाशी खालच्या अंगाला किंवा सीटखालच्या नळीवर. आजच सायकल उलटी करा, चिखल पुसा, नंबर लिहून घ्या, मोबाईलवर फोटो काढा आणि पावती सातबाराच्या फायलीत ठेवा. पोलिसांना सायकल सापडली तरी ती आपली हे आपल्यालाच पटवावे लागते. नुसते 'लाल रंगाची' म्हणून भागत नाही.

तक्रार जरूर द्यावी. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. पूर्वी भारतीय दंड विधानाचे कलम ३७९ होते, आता चोरीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३ आहे. चोरी कुठल्याही हद्दीत झाली तरी जवळच्या ठाण्यात खबर देता येते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदीची प्रत फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते, ती मागून घ्यावी.

खुंटे आपणच रोवू

शाळा-कॉलेजात चाक खोबणीत घालायचे स्टँड असतात. त्यात सायकल उभी राहते, पण फ्रेम बांधता येत नाही. त्याहून सोपा स्टँड आमच्या गट ऑफिसच्या आवारात आम्ही भंगारातल्या पाईपचा केला. दोन इंची लोखंडी पाईप उलट्या यू आकारात वाकवला, जमिनीवर अडीच फूट उंच, तीन फूट लांब, दोन्ही पाय एकेक फूट काँक्रीटमध्ये. एका स्टँडला दोन्ही बाजूंनी दोन सायकली बांधता येतात. ऊसतोडणीला येणाऱ्या मंडळींच्या आणि आमच्या चिटबॉयच्या सायकली आता तिथेच असतात. गावच्या फाट्यावर, शाळेत, दूध डेअरीपुढे असे दोन-दोन स्टँड ग्रामपंचायतीला, मंडळाला सहज करता येतील. जागा मात्र रहदारीची आणि उजेडाची निवडावी, आडोशाची नको.

आबांनी जुनी सायकल घेतली, आणि तिच्यासोबत दहा मिलिमीटरची साखळी. फाट्यावर चहाच्या गाड्यासमोर आता पाईपचा एक स्टँड आहे. परवा आबा बेण्याची चौकशी करायला आले होते. नातीचे विचारले तर म्हणाले, "बारावीला हाय. पहिली गाडी घावतीया तिला."

असो. पुढच्या अंकी पुन्हा हुमणीकडे वळू.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग