अजिंठ्याचं जहाज, एकास पन्नास

परतूर हे मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचं गाव. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर. पाणी म्हणाल तर दुधना नदी आणि पुढे सेलूकडच्या निम्न दुधना धरणाचा फुगवटा. खरं जहाज बघायचं झालं तर रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची. अशा गावात कुणी टेबलावर छोटं जहाज बांधायला घेतलं, की पहिला प्रश्न ठरलेला: इथं कुठलं आलंय समुद्राचं वेड?

पण या प्रश्नाला मराठवाड्यातच उत्तर आहे. परतूरहून जालना आणि तिथून भोकरदन, सिल्लोड करत अजिंठ्याला जावं आणि दोन नंबरच्या लेण्यात शिरावं. तिथल्या भिंतीवर पाचव्या शतकातलं एक जहाज आहे. तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच आणि अरुंद शिडं, नाळेवर रंगवलेला डोळा, मागच्या बाजूला सुकाणूची लांब वल्ही आणि शेजारी ओळीने मांडलेले रांजण. भारतीय जहाजाचं इतकं तपशीलवार जुनं चित्र दुसरं क्वचितच सापडेल. चित्राची गोष्टही आपल्याच मुलखातली आहे. शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, व्यापारी पूर्ण भिक्षू होतो. चंदनाच्या शोधात समुद्रावर गेलेला त्याचा भाऊ वादळात सापडतो आणि पूर्ण त्याला वाचवतो. भिंतीवर आहे ते हेच संकटातलं जहाज.

वाटेतलं भोकरदन नुसतं चहाला थांबायचं गाव नाही. सातवाहन काळातलं ते भोगवर्धन. इथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग मिळाला. तशाच घडणीची मूर्ती 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेली होती, आणि पॉम्पेई गाडलं गेलं ते इ. स. 79 मध्ये. पॉम्पेईची मूर्ती भोकरदनकडच्याच कारागिरांची असावी, असं मत पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडलं. मत मान्य करा अथवा नका करू, मराठवाड्यातला माल बैलगाडीने बंदरावर आणि तिथून जहाजाने पश्चिमेला जात होता, याबद्दल वाद नाही. पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठांची नोंद ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत आहे.

तर बांधायला जहाज परक्या मुलखातून आणायची गरज नाही. तरी आपल्याकडचे हौशी सुरुवात बहुधा ‘टायटॅनिक’पासून करतात. प्लॅस्टिकचे सुटे भाग, छापील सूचना, एकास साडेतीनशे हे प्रमाण. 269 मीटरचं जहाज 77 सेंटिमीटरमध्ये बसतं. लाकडात काम करणारे नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’कडे वळतात. त्यात वावगं काही नाही, हात बसतो. पण मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ 1817 चं, आणि ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. ते सोडून आपण ‘व्हिक्टरी’च्या तोफा मोजत बसावं, हे मला काही पटत नाही.

अजिंठ्याच्या जहाजाची अडचण वेगळी. त्याचा आराखडा नाही. चित्रकाराने एक बाजू दाखवली; तळ कसा होता, फळ्या किती रुंद, डोलकाठी आत कुठे टेकली होती, हे त्याने सांगितलेलं नाही. त्याला सांगायचंही नव्हतं. चित्रात माणसं मोठी आणि जहाज लहान, कारण गोष्ट माणसांची आहे. चित्र बघणाऱ्याचं यावाचून काही अडत नाही, बांधणाऱ्याचं पहिल्याच दिवशी अडतं. पठाण, म्हणजे तळाचा कणा, किती लांब घ्यायचा हे ठरवल्याशिवाय करवत चालत नाही.

हाच पेच अलीकडे खऱ्या आकारात सोडवला गेला. केंद्राचं सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यात जुलै 2023 मध्ये करार झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गोव्यात पठाण बसवण्यात आला. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली जुन्या पद्धतीने, खिळे न ठोकता, काथ्याच्या दोराने फळ्या शिवून जहाज उभं राहिलं. 21 मे 2025 रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं, ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावाने. लांबी 19.6 मीटर, रुंदी 6.5 मीटर. डिसेंबर 2025 च्या अखेरीस ते पोरबंदरहून मस्कतच्या दिशेने निघालं.

या प्रकल्पातली एक गोष्ट हौशी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावी. आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाच्या मदतीने आधी छोट्या प्रतिकृतीची पाण्यात चाचणी झाली. चौकोनी शिडं आणि वल्ह्यांचं सुकाणू घेऊन जाणारं असं जहाज आज जगातल्या दुसऱ्या कुठल्याही नौदलात चालू वापरात नाही. ते कसं वागेल हे सांगणारा अनुभवी माणूस आणायचा कुठून? म्हणून प्रतिकृतीला विचारलं गेलं.

प्रतिकृतीला विचारायची रीतही जुनीच. इंग्रज अभियंता विल्यम फ्रूड याने 1870 च्या दशकात टॉर्की इथे लांबलचक हौद बांधून मेणाच्या छोट्या जहाजांवर प्रयोग केले. त्याचा नियम असा, की जहाज जितक्या पट लहान कराल त्याच्या वर्गमुळाने वेग कमी करा. एकास पंचवीस प्रतिकृती असेल तर खऱ्या जहाजाचा पाच नॉटचा वेग तिच्यासाठी एक नॉट होतो. तेव्हा तिच्या उठवलेल्या लाटा खऱ्याच्या लाटांशी जुळतात. डुलणंही तसंच. खरं जहाज पाच सेकंदांत एक हेलकावा घेत असेल तर प्रतिकृती एका सेकंदात घेते. दुधनेच्या पाण्यात सोडलेलं टेबलावरचं जहाज थरथरल्यासारखं का डुलतं, त्याचं कारण हे. बांधणाऱ्याचा हात तिथे दोषी नाही, पाणी लहान करता येत नाही एवढंच.

लाकूडही लहान होत नाही. सागवानाचे रेषे खऱ्या फळीवर देखणे दिसतात, एकास पन्नासच्या पट्टीवर तेच फुटाफुटाचे पट्टे वाटतात. त्यामुळे हळदूसारखं बारीक पोताचं लाकूड बरं. शिडाला मांजरपाट घेऊ नये, पातळ मलमल घ्यावी. तिचीही वीण जाडच वाटते. खुंट्यांसाठी बांबू उत्तम. पोलादी पट्टीत लहान होत जाणारी भोकं पाडायची आणि बांबूची काडी एकेका भोकातून ओढत न्यायची. अर्ध्या मिलिमीटरची गोल खुंटी मिळते. परतूरच्या आठवडी बाजारात टोपली-सुपाच्या दुकानाशेजारी या छंदाचं निम्मं सामान मिळू शकतं.

‘कौंडिण्य’चं माप पन्नासाने भागलं की 39 सेंटिमीटर लांब आणि 13 सेंटिमीटर रुंद जहाज येतं. तयार खोक्यातलं जहाज बांधणाऱ्याला सवय असते ती आधी पठाण, त्यावर वाक म्हणजे फासळ्या, आणि मग बाहेरून फळ्या चढवण्याची. शिवलेल्या जहाजात क्रम उलटा. फळीला फळी शिवून आधी कवच तयार होतं, वाक नंतर आत बसतात. मग लहान आकारात पट्ट्या धरून ठेवायच्या कशाला? त्यासाठी मऊ लाकडाचा भरीव साचा करायचा, त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणायचा, म्हणजे डिंक साच्याला धरत नाही. पट्टी कोमट पाण्यात भिजवून साच्यावर वाकवायची, चिमट्यांनी धरून रात्रभर सुकू द्यायची.

मग शिवण. हातड्रिलात केसाएवढं बिट लावून पट्टीच्या कडेने दोन-दोन मिलिमीटरवर भोकं पाडली, तर एका पट्टीच्या एका कडेला दोनशेच्या आसपास भोकं होतात. सगळी एका रेषेत असल्यामुळे पट्टी रेषेच्या बाजूने उभी फाटते. मागून पातळ कागद चिकटवून घेतला तर तगते. दोरा सुती असेल तर त्याला केस सुटतात. तो मेणाच्या वडीवरून दोनदा ओढायचा. फटीवर आतून काथ्याची वळी दाबलेली असते, तिच्यावरून टाके आडवे आणि तिरके जातात. लहान आकारात वळीच्या जागी जाड दोरा चालतो. एक पट्टी पुरी व्हायला आठवडा लागला तरी चालेल. घाई करणाऱ्याने प्लॅस्टिकची लढाऊ बोट घ्यावी.

काम अर्धं असताना दाखवावं, हा या छंदाचा रिवाज. सतराव्या शतकात इंग्रजी नौदलासाठी ज्या प्रतिकृती बनत, त्यांच्या तळाच्या फळ्या मुद्दाम लावलेल्या नसत. आतल्या फासळ्यांची मांडणी बघणाऱ्याला दिसायला हवी, हा हेतू. हौशी माणसंही एकमेकांना उघडा सांगाडाच दाखवतात, कारण तक्तपोशी बसल्यावर आतली चूक कायमची आत जाते. डोलकाठी अर्धा अंश कलली आहे हे बांधणाऱ्याला दिसत नाही, महिनाभर तेच बघून डोळा मरतो. शेजारी बसलेल्याला दारातूनच दिसतं. लंडनमध्ये अशा हौशींची थेम्स काठची संस्था 1925 पासून चालू आहे. आपल्याकडे ही शिस्त मुख्यतः एनसीसीच्या नौदल शाखेने जपली. अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात ‘शिप मॉडेलिंग’ ही रीतसर स्पर्धा असते आणि समुद्रापासून दूर असलेल्या पुण्यासारख्या शहरातही नौदल युनिट आहे. तिथून बाहेर पडलेली मुलं पुढे नोकरीधंद्याला लागली तरी हातातली कानस सोडत नाहीत.

परतूरला हे करायचं तर संस्था लागत नाही. एक सुतार, एक टेलर, एक चित्रकलेचे सर, एवढे जमले तरी पुरे. फळीला वाक कसा द्यावा हे सुताराला कळतं, टाका कुठे ढिला आहे हे टेलर बोट लावून सांगेल, आणि अजिंठ्याच्या चित्रात नाळेचा उंचावा किती, याचं मोजमाप सर काढून देतील. महिन्यातून एकदा अर्धवट जहाज टेबलावर ठेवून तिघांनी बोलावं.

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेने विज्ञान प्रदर्शनासाठी हे जहाज हाती घ्यावं, असं मनापासून वाटतं. ज्वालामुखी आणि पवनचक्क्या पुष्कळ झाल्या. खर्च फारसा नाही आणि शेवटी लागणारी काचेची पेटी अर्धा मीटर लांब असली तरी भागतं. पेटीवर पाटी लावताना ‘अजिंठा, लेणे क्र. 2’ एवढं मात्र न विसरता लिहावं.