भरलेली खुर्ची की रिकामी?

एरवी निवडणूक म्हटली की उमेदवारांची भाऊगर्दी आलीच. पण मध्य प्रदेशातल्या काही लहान गावांनी एक वेगळीच निवडणूक पाहिली आहे. मतदारापुढे चित्रं दोनच. एका खुर्चीवर माणूस बसलेला, दुसरी खुर्ची रिकामी. नगरपालिकेचा अध्यक्ष राहावा असं वाटत असेल तर भरलेल्या खुर्चीला मत द्यायचं, जावा असं वाटत असेल तर रिकाम्या खुर्चीला. तिथले लोक याला ‘खाली कुर्सी, भरी कुर्सी’ची निवडणूक म्हणतात.

याची सुरुवात झाली 2001 साली, अनुपपूरमध्ये. तिथल्या नगरपालिकेच्या अध्यक्षपदी एक महिला होती. लोकांनी तिला थेट मतदानाने निवडून दिलं होतं आणि लोकांनीच रिकाम्या खुर्चीला मत देऊन घरी पाठवलं. त्याआधीच वेगळ्या झालेल्या छत्तीसगडमध्येही हा कायदा राहिला. जून 2008 मध्ये गुंडरदेही, राजपूर आणि नवागड या तीन नगर पंचायतींचे अध्यक्ष असेच पायउतार झाले.

ऐकायला हे किती छान वाटतं! नळाला पाणी नाही, गटारं तुंबलेली, दिवाबत्तीची बोंब आणि अध्यक्ष मात्र ढिम्म. मग पाच वर्षं वाट कशाला पाहायची? पण कायदा नीट वाचला की उत्साह जरा ओसरतो. कारण खुर्ची रिकामी करा, असं म्हणण्याचा पहिला अधिकार नागरिकांना नाहीच. निवडून आलेल्या नगरसेवकांपैकी तीन चतुर्थांश जणांनी प्रस्तावावर सह्या करायच्या. तो कलेक्टरकडे जाणार, तिथून सरकारकडे आणि मग राज्य निवडणूक आयोग मतदान घेणार. समजा, गावात पंधरा वॉर्ड आहेत. तर बारा नगरसेवकांच्या सह्या हव्यात. गावातल्या दहा हजार माणसांनी अर्ज केला तरी या बारा सह्यांशिवाय त्याला काही किंमत नाही.

आता हे बारा जण एकत्र येणार कशासाठी? कधी खरोखरच कारभार बिघडलेला असतो, नाही असं नाही. पण नगरपालिकेच्या राजकारणात ठेके, गाळे, बांधकामाचे परवाने यांवरून रुसवेफुगवे असतातच. जो अध्यक्ष कुणाच्या मनासारखी सही करत नाही, त्याची खुर्चीच आधी डुगडुगते. 74 व्या घटनादुरुस्तीमुळे 1993 पासून अध्यक्षपदंही महिलांसाठी राखीव होऊ लागली. घरच्यांनी उभी केलेली बाई एकदा स्वतःच फायली वाचू लागली की कुणाच्या पोटात दुखतं, हे सांगायला नको.

कायद्याने थोडी काळजी घेतली होती. पहिली दोन वर्षं प्रस्ताव आणता येत नसे आणि एका कारकिर्दीत तो एकदाच आणता येई. शिवाय शेवटचा शब्द लोकांचा, हे खरंच. नगरसेवकांनी ठरवलं म्हणजे लोक मान डोलावतीलच असं नाही. राजस्थानात 2012 साली बारां जिल्ह्यातल्या मांगरोलमध्ये अशीच निवडणूक झाली. नगरपालिकेच्या अध्यक्षांना हटवायला निघालेल्यांना लोकांनी दाद दिली नाही आणि अध्यक्ष खुर्चीवर कायम राहिले.

मध्य प्रदेशात 2022 मध्ये नगरपालिकांचे अध्यक्ष नगरसेवकांमधूनच निवडले गेले. साहजिकच त्यांना काढायचं तेही नगरसेवकांनीच, अविश्वास ठराव आणून. मतदाराचा संबंधच उरला नाही. 2025 मध्ये सरकारने पुन्हा थेट निवडणुकीकडे वळायचं ठरवलं. महाराष्ट्रातही कधी थेट, कधी नगरसेवकांतून, असा हा खेळ बरीच वर्षं चालला आणि डिसेंबर 2025 मध्ये नगराध्यक्षांसाठी लोकांनीच थेट मतदान केलं.

आणि ज्या गावात खुर्ची रिकामी होते, तिथे पुढे काय? पुन्हा पोटनिवडणूक, पुन्हा भोंगे, पुन्हा भिंती रंगणार. नवा अध्यक्ष उरलेल्या काळापुरताच येतो. आणि त्याच्यासमोर सभागृहात बसलेले नगरसेवक असतात तेच, सह्या करणारे.