मांजर गेली तर सुट्टी काय सांगून मागायची?

ज्यांना बसमध्ये ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. नेहमीसारखं थोडं कापून-छाटून.

मागचे तीन आठवडे नवीन भाग आला नाही, त्याचं कारण भुरी. आमच्या मौद्याच्या घरातली मांजर. मी नववीत असताना आली, १४ वर्षं राहिली आणि किडनी निकामी होऊन गेली. मॅनेजरला मेसेज लिहायला बसलो आणि अडकलो. 'घरी मृत्यू झाला' लिहावं, तर पुढचा प्रश्न 'कोण?' शेवटी 'घरगुती कारण' एवढंच टाकलं.

या अडकण्याला नाव आहे. अमेरिकेतले केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये 'डिसएनफ्रँचाइज्ड ग्रीफ' ही कल्पना मांडली. आपल्या भाषेत सांगायचं तर परवाना नसलेलं दुःख. दुःख खरंच असतं, पण त्याला ना सूतक, ना तेरावं, ना भेटायला येणारी माणसं. मग रडणाऱ्यालाच वाटायला लागतं की आपलंच काहीतरी चुकतंय.

आणि प्राण्यांसाठी रडणं आपल्याकडे नवीन नाही बरं का. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी करून बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणारी माणसं आपण. गोठ्यातला बैल गेला तर शेजारपाजारचे येऊन बसतात, चहा होतो, त्याच्या गोष्टी निघतात. मांजरीच्या बाबतीत मात्र शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "काहून एवढं मनाला लावून घेतो बाबू? दुसरी आण ना." काकू वाईट नाहीत. मराठीतच मांजरीचं नशीब तसं आहे. ती आडवी जाते, डोळे मिटून दूध पिते, तिच्या गळ्यात घंटा बांधायची असते. मांजर मारली तर काशीला जाऊन सोन्याची मांजर दान करावी लागते, असं आजी सांगायची. म्हणजे मारण्याचं प्रायश्चित्त ठरलेलं आहे, पण ती आपसूक गेली तर काय करायचं, हे कोणीच ठरवलेलं नाही. (जुन्या इजिप्तमध्ये घरची मांजर मेली की घरातले सगळे भुवया काढायचे, असं हेरोडोटसने लिहून ठेवलंय. स्टँडअप मीटिंगमध्ये तसं बसलो असतो, तर कोणी 'कोण?' विचारलंच नसतं.)

दुसरी गोष्ट अपराधीपणाची, आणि तुमच्या व्हॉइस नोट्समध्ये सगळ्यात जास्त हीच होती. 'आधी लक्षात आलं असतं तर?' मी इंजिनिअर माणूस. प्रॉडक्शन पडलं की आम्ही लॉग उघडून मूळ कारण शोधतो. भुरीच्या बाबतीतही तेच केलं, जुने व्हिडिओ पाहत बसलो. नागपूरच्या डॉक्टरांनी मग नीट समजावलं. मांजर आजार लपवते, कारण जंगलात अशक्त दिसणं म्हणजे कोणाचं तरी जेवण होणं. त्यात किडनीचं असं, की तिची साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश क्षमता जाईपर्यंत वरून फारसं काही दिसतच नाही. जास्त पाणी पिणं, वजन उतरणं हे सगळं त्यानंतरचं. म्हणजे लॉगमध्ये एररच लिहिली गेली नव्हती. ज्यांना दयामरणाचा निर्णय घ्यावा लागला, त्यांच्यासाठी तर हे आणखी अवघड. तिथे तारीख आपण ठरवलेली असते. पण मरण आजाराने ठरवलेलं असतं, आपण फक्त त्यातले शेवटचे हाल कमी करतो, असं माझं मत.

दुःखाच्या 'पाच पायऱ्या' तुम्ही रील्समध्ये पाहिल्या असतील. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांचं ते १९६९ चं पुस्तक मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून लिहिलेलं आहे, मागे राहिलेल्यांशी नाही. त्यामुळे 'मी अजून तिसऱ्याच पायरीवर का?' हा प्रश्न सोडून द्या. मला त्यापेक्षा मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट यांची १९९९ ची मांडणी पटते. माणूस दोन टोकांमध्ये हेलकावे खातो. कधी आठवणीत बुडतो, कधी कामाला लागतो, आणि दोन्ही गरजेचं. सकाळी मीटिंगमध्ये हसलो आणि रात्री तिच्या वाटीकडे पाहून रडलो, यात ढोंग काही नाही. पहाटे दारावर नखांचा आवाज आल्यासारखं वाटणंही वेड नाही. १४ वर्षांची सवय मेंदू एका आठवड्यात विसरत नाही.

आता थोडं कामाचं. पुरायचं असेल तर विहिरीपासून लांब, निदान तीन फूट खोल खड्डा, नाहीतर कुत्री उकरतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती कापड पुरे. फ्लॅटवाल्यांना हे जमत नाही. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला प्राण्यांसाठी गॅसवरची दहनभट्टी सुरू केली. आपल्याकडे आधी नगरपंचायतीत किंवा पालिकेत विचारून घ्या. फोन अचानक जुना फोटो दाखवून दुपार खराब करत असेल, तर गूगल फोटोजच्या मेमरीज सेटिंगमध्ये ठरावीक प्राणी किंवा तारखा लपवता येतात. फोटो डिलीट होत नाहीत. झोप, जेवण, काम सगळंच बरेच दिवस बिघडलेलं असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेली मानस नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. 'मांजर गेली' असंच सांगा.

राहिलं काकूंचं 'दुसरी आण'. घाई नको, आणि कधीकधी कारण मनाचं नसून विषाणूचं असतं. तुमची मांजर पॅनल्यूकोपेनियाने गेली असेल, म्हणजे उलट्या, जुलाब आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास, तर तो विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. साध्या फिनाइलवर भरवसा ठेवू नका. एक भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी करून फरशी पुसा, दहा मिनिटं ओली राहू द्या. जुनं अंथरूण, वाटी, मातीचा ट्रे टाकून द्या. आणि नवीन पिल्लू आणायचंच असेल, तर लसीचे डोस पूर्ण झाल्याशिवाय घरात घेऊ नका.