पद्मिनीला घाटात दम का लागतो

प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनली, पण तिचं घराणं इटलीचं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. फियाटशी करार करून कंपनीने १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ बनवली आणि पुढे तीच गाडी ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, जेमतेम चाळीस हॉर्सपॉवर, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. एवढ्या बळावर मुंबईची काळी-पिवळी आत माणसं आणि डोक्यावर ट्रंका घेऊन वर्षानुवर्षं धावली.

मुळात ताकदच बेताची, त्यामुळे पद्मिनीत बारीकसा बिघाडही लगेच जाणवतो. सपाटीवर नीट चाललेली गाडी खंडाळ्याच्या चढावर एकाएकी मरगळते. अशा वेळी हौशी मालक आधी कार्बोरेटर खोलतो, तेही तापल्या इंजिनावर. जुना मिस्त्री मात्र आधी एवढंच विचारतो: हळूहळू बसली की एकदम तुटली?

धक्के खात, हिसके देत बसली, तर पेट्रोल कमी पडतंय. चोक जरा ओढल्यावर क्षणभर सावरली तर संशय पक्का. पद्मिनीचा पेट्रोल पंप, गॅरेजच्या बोलीतला ‘एसी पंप’, थेट इंजिनाला चिकटलेला असतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल खेचून आणतो. खेचताना पाइपातला दाब उतरतो. दाब उतरला की पेट्रोल लवकर उकळतं, आणि पंप वाफ ओढत बसतो. हाच व्हेपर लॉक. पंपावर ओलं फडकं टाकायची टॅक्सीवाल्यांची युक्ती म्हणूनच खरी आहे. तिला अडाणी म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात एकदा घाट चढून पाहावा.

फडक्याने भागलं नाही, तर टाकीचं झाकण सैल करा. हवा आत यायचं भोक बुजलं असेल तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. त्यानंतर पाहायचे ते टाकीतल्या गंजाने तुंबलेला फिल्टर आणि पंपाचा फाटका पडदा. डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास आला तर पडदा गेलाच समजा, आणि ऑइलही बदला.

गाडी एकदम तुटली, सायलेन्सरमधून फटाके फुटले, तर दोष करंटचा. डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचं, झाकण काढून पॉइंट बघावेत: काळे पडलेत का, फट मिटलीय का. सगळ्यात फसवा कंडेन्सर. तो गरम झाला की दगा देतो आणि थंडावला की शहाण्यासारखा वागतो. गॅरेजपर्यंत पोचलेल्या गाडीत म्हणून काहीच सापडत नाही. नवा कंडेन्सर डिकीत ठेवणं हाच त्यावरचा व्यवहारी इलाज. बदलायचं ते मात्र एका वेळी एकच. पॉइंट, प्लग, कॉइल सगळं एकदम बदललं तर गाडी चालेल, पण दोष कशात होता ते कळणार नाही.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आता उरल्यात त्या हौसेने जपलेल्या गाड्या, आणि त्यांच्यापुढे नवीन अडचण आहे ती इथेनॉलमिश्रित पेट्रोलची. जुनं रबर त्यात फुगतं, चिरतं. इथेनॉल पाणी शोषतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी गंजते. तुमच्याकडे पद्मिनी असेल तर पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बसवून घ्या, आणि तेही घाटाला निघण्याआधी.