दुरुस्तीनंतरची दुखणी

स्वारगेटच्या जेधे चौकातून नित्य जा-ये करणाऱ्या मोटारीला कधीच ओरखडा उमटला नाही, असे सांगणारा मालक विरळा. उड्डाणपूल झाला, 2024 च्या सप्टेंबरात भुयारी मेट्रोही आली. परंतु आगाराकडे वळणाऱ्या एस. टी. गाड्या, रिक्षा आणि सातारा रस्त्याची वाहने यांची तेथील झुंबड काही हटली नाही. गेल्या वर्षी तेथेच एका टेंपोने आमच्या लहानशा मोटारीस डाव्या अंगाने धडक दिली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. बंपर, मडगार्ड आणि दिवा मात्र निकामी झाला.

अठरा दिवसांनी गाडी परत मिळाली ती न्हाऊनमाखून आल्यासारखी. दुरुस्तीने आपले समाधान झाले आहे, अशा अर्थाच्या छापील कागदावर आम्ही सही केली. सही आधी आणि किल्ली नंतर, असाच तेथील क्रम होता.

आठवडाभरातच स्टेअरिंग डावीकडे ओढू लागले. पावसाळ्यात पायाखाली पाणी साचले. पुढे टायर आतल्या कडेने झिजलेला आढळला. गॅरेजवाल्यांनी दोनदा चाकांचे अलाइनमेंट करून दिले आणि तिसऱ्या खेपेस पुण्याच्या रस्त्यांना दोष दिला. रस्ते निर्दोष नाहीत, हे आम्हांस मान्य आहे. पण ते केवळ धडकेनंतरच वाईट झाले काय?

खरे कारण सांगाड्यात असते. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते. पत्र्याचे कवच हाच त्यांचा सांगाडा. पुढच्या कोपऱ्यावर बसलेला आघात या कवचातून आत पोहोचतो आणि सस्पेन्शन जेथे जोडलेले असते ती जागा काही मिलिमीटरांनी सरकते. वरून पत्रा ठोकून, लांबी भरून, रंग मारला की ते डोळ्यांस दिसत नाही. चाकांस मात्र बरोबर कळते. त्यासाठी गाडी मापनाच्या बैठकीवर चढवून, कारखान्याच्या मापांशी ताडून, ओढून सरळ करावी लागते. या कामाला वेळ लागतो, आणि ते झाले की नाही हे गिऱ्हाइकास कळण्याचा मार्ग नसतो.

मग पाहणारा कोण? विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, तो मुख्यतः नुकसानीची रक्कम ठरविण्यास. खास जादा हप्ता भरून संरक्षण घेतले नसेल, तर प्लास्टिकच्या व रबरी भागांची निम्मी किंमत घसाऱ्यापोटी मालकाच्या माथी येते. तेव्हा वाद रकमेचा होतो, कामाचा होत नाही. सरकारचे म्हणावे, तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे भाड्याच्या आणि मालवाहू वाहनांना वेळोवेळी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीस पहिली 15 वर्षे अशी तपासणी नाही. मधल्या काळात ती कितीही जोराने आदळली, तरी कागदोपत्री ती धडधाकटच!

25 जानेवारी 2012 रोजी याच स्वारगेटच्या आगारातून एका चालकाने बस पळवून नेली व रस्त्यावर नऊ माणसांचे प्राण घेतले. त्या दुःखापुढे पत्र्याच्या जखमांची गोष्ट क्षुल्लक होय. तरीही त्या दिवशी चेचलेल्या कित्येक वाहनांपैकी जी दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आली असतील, त्यांचा सांगाडा सरळ आहे असे कोणी लिहून दिले असेल काय, हा प्रश्न उरतोच.

ज्या पुण्यात 1974 साली ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली, तेथे तरी हे चालू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, हे खरे. पण दोष सिद्ध करावयास तज्ज्ञाचा दाखला हवा, आणि हाती उरते ते आपल्याच सहीचे समाधानपत्र. सांगाड्यास धक्का पोहोचला असेल तेथे दुरुस्तीपूर्वीची व नंतरची मापे बिलास जोडण्याची सक्ती विमा कंपन्यांना सहज करता येईल. जो कारागीर मापे घेतच नाही, त्यालाच ही अट जाचेल. आणि गिऱ्हाइकाने तोवर एवढे करावे की, गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहिल्यावाचून सही करू नये.

आमच्या शाळेतील एक तरुण शिक्षक सध्या जुन्या मोटारीच्या शोधात आहेत. आमची गाडी त्यांना पसंत आहे. रंग तर फारच आवडला. धडकेची हकीकत त्यांना अजून सांगितलेली नाही. ती सांगितली की निदान चाळीस हजारांनी भाव उतरेल, असे एका दलालाने ऐकवले आहे. रविवारी ते गाडी पाहावयास येणार आहेत. त्या वेळी हा लेख त्यांच्या हाती देऊ.