उत्तर समुद्रातली ‘मराठा’

मराठ्यांचे आरमार म्हटले की विजयदुर्ग, कुलाबा आणि कान्होजी आंग्रे आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. त्या आरमाराशी ज्यांनी झुंज घेतली त्याच इंग्रजांनी पुढे आपल्या एका युद्धनौकेला ‘मराठा’ हे नाव दिले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ग्रीनॉकच्या गोदीत तिची बांधणी सुरू झाली तेव्हा तिचे नाव ‘मार्क्समन’ ठरले होते. १९४२ साली ती पाण्यात उतरली ती मात्र ‘मराठा’ होऊन. हिंदुस्थानी जमातींची नावे घेतलेल्या ‘सिख’, ‘पंजाबी’ आणि ‘गुरखा’ याही नौका त्या आरमारात होत्या. त्यांपैकी एकही युद्धातून परतली नाही.

‘मराठा’ ही विनाशिका होती. वेग ताशी सुमारे ३६ सागरी मैल. टॉर्पेडो नौकांचा नाश करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा नौकांचा प्रकार निघाला, म्हणून हे नाव. पण दुसऱ्या महायुद्धापर्यंत विनाशिका घरातल्या थोरल्या सुनेसारखी झाली होती. पाणबुडी शोधायची, विमाने हाकलायची, बुडणाऱ्यांना वर ओढायचे, हे सारे तिनेच करायचे. युद्धनौका आणि विमानवाहू नौका यांचा मान मोठा, पण विनाशिकांच्या पहाऱ्यावाचून त्यांना बंदराबाहेर पडणे अवघड.

१९४१ साली जर्मनीने रशियावर स्वारी केली. तेव्हापासून रणगाडे, विमाने, मालमोटारी आणि अन्नधान्य घेऊन जहाजांचे तांडे ब्रिटनहून मुर्मान्स्ककडे जाऊ लागले. वाटेत नॉर्वेचा किनारा, आणि तो जर्मनांच्या ताब्यात. हिवाळ्यात दिवस जवळपास उगवतच नसे. उडालेले पाणी डेकवर गोठे आणि त्या बर्फाच्या ओझ्याने जहाज कलंडू नये म्हणून खलाशांना तो कुऱ्हाडींनी फोडून काढावा लागे. गोळागोळी नसतानाही हे काम चालूच!

२० फेब्रुवारी १९४४ रोजी ४२ मालवाहू जहाजांचा असाच एक तांडा स्कॉटलंडहून निघाला. ‘मराठा’ त्याच्या राखणीला होती. २५ तारखेच्या रात्री यू-९९० या जर्मन पाणबुडीने तिच्यावर नेम धरला. पंख्याच्या आवाजाचा माग काढत जाणारा टॉर्पेडो जर्मनांनी तोवर तयार केला होता, आणि वेगाने धावणाऱ्या राखणदार नौकेचा आवाज त्याला आयताच सापडे. ‘मराठा’ काही मिनिटांतच बुडाली. सोबतच्या नौका धावल्या, परंतु त्या थंडगार पाण्यात माणूस तग धरतो किती वेळ? दोनशेहून अधिक जण गेले. वाचले ते जेमतेम सोळा-सतरा.

बरोबर तीन महिन्यांनी, २५ मे रोजी, ती पाणबुडीही ब्रिटिश विमानाच्या हल्ल्यात बुडाली. तांडा मात्र ‘मराठा’ला मागे ठेवून तसाच पुढे गेला होता. २८ फेब्रुवारीला तो रशियाच्या कोला खाडीत पोचला, तेव्हा बेचाळीसच्या बेचाळीस जहाजे सुखरूप होती.