ब्रेकवरचा पाय

घरात कुणाला कॅन्सरचं निदान झालं की चौथ्या दिवसापासून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला सुरू होतो. मग गुळवेल, काढे, पावडरी, कुणीतरी लांबून आणून दिलेल्या बाटल्या. सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण रोख चुकतो. कॅन्सरच्या पेशी मारू शकतील अशा पेशी अनेकदा आपल्या शरीरात असतातच, फक्त त्या अडवून धरलेल्या असतात. हे ज्यांनी दाखवलं त्यांत अमेरिकेतले शास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅलिसन यांचं नाव आघाडीवर आहे. त्यांचं काम ज्या क्रमानं झालं त्याच क्रमानं पाहिलं, तर इम्युनोथेरपी म्हणजे नेमकं काय आणि तिच्यात कुठे जपायचं, हे आपल्याला सहज कळेल.

सुरुवात टी पेशीपासून करू. ही पांढऱ्या रक्तपेशींचीच एक जात. आपल्या शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. टी पेशी ते तुकडे तपासत हिंडते. विषाणूचा किंवा बिघडलेल्या प्रथिनाचा तुकडा दिसला, की ती त्या पेशीला मारू शकते. अडचण अशी की कॅन्सरची पेशी परकी नसते, आपल्याच पेशीची बिघडलेली आवृत्ती असते. त्यामुळे ओळख पटणंच कठीण, आणि पटली तरी पुढचं काम होईलच असं नाही.

अ‍ॅलिसन यांचा जन्म १९४८चा, टेक्सासमधल्या अ‍ॅलिस या गावचा. वडील डॉक्टर. अकरा वर्षांचे असताना आई लिम्फोमाने, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरने गेली. पुढे दोन मामा-काकाही कॅन्सरनेच गेले. शाळेत जीवशास्त्र शिकवताना उत्क्रांती वगळली जायची, म्हणून या मुलाने तो वर्गच नाकारला आणि टेक्सास विद्यापीठाचा पत्रद्वारा अभ्यासक्रम घेतला. १९७३मध्ये त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. एवढं वाचून वाटेल, की मुलाने आईसाठी कॅन्सरवर औषध शोधायचं ठरवलं. तसं सरळ काही झालं नाही. त्यांना कुतूहल होतं ते टी पेशी चालू कशी होते याचं, आणि पुढची वीस वर्षं ते मुख्यतः त्याच एका प्रश्नाला चिकटून राहिले.

इथून पुढे मोटारीचं उदाहरण सोयीचं पडतं, ते स्वतः अ‍ॅलिसनही वापरतात. टी पेशीवर एक ग्राहक असतो. ग्राहक म्हणजे समोरची ठरावीक वस्तू ओळखून तिला चिकटणारं प्रथिन, रिसेप्टर. ही झाली गाडीची किल्ली. टेक्सासमधल्या स्मिथव्हिल इथल्या छोट्या संशोधन केंद्रात काम करताना १९८२मध्ये अ‍ॅलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथिन हुडकून काढलं. त्या काळात भल्या मोठ्या प्रयोगशाळा त्याच्या मागावर होत्या.

पण नुसती किल्ली फिरवून गाडी पुढे जात नाही. अ‍ॅलिसन कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात गेल्यावर दुसरी गरज स्पष्ट झाली. टी पेशीवर सीडी-२८ नावाचं आणखी एक प्रथिन असतं. तुकडा ‘दाखवणाऱ्या’ खास पेशींवरच्या बी-७ या रेणूला ते चिकटलं, तरच टी पेशी जोमानं वाढू लागते. हा झाला अ‍ॅक्सिलरेटर. कॅन्सरच्या बहुतेक गाठींच्या पेशींवर बी-७ नसतंच. म्हणजे गाठ टी पेशीच्या समोर असूनही तिला उठवत नाही.

आता येतो तो टप्पा, जिथे भल्याभल्यांची गल्लत झाली. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९८७मध्ये सीटीएलए-४ या प्रथिनाचं जनुक शोधलं होतं. ते दिसायला सीडी-२८सारखं, चिकटतंही त्याच बी-७ला, आणि तेही जास्त घट्ट. त्यामुळे हा दुसरा अ‍ॅक्सिलरेटरच, असं अनेकांनी धरून चाललं. प्रयोगांतून उत्तरंही उलटसुलट येत होती.

त्याचं कारण मजेशीर आहे. प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, हे एखाद्या ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटणारं दुसरं प्रथिन. ते चिकटल्यावर समोरचं प्रथिन दाबलं जाऊन चालू होऊ शकतं, किंवा नुसतं झाकलं जाऊन बंद पडू शकतं. प्रयोगात दोन्हींपैकी काय घडलं, हे माहीत नसेल तर निष्कर्ष बरोबर उलटा निघतो. अ‍ॅलिसन यांचे विद्यार्थी मॅथ्यू क्रमेल यांनी प्रतिपिंडाचा फक्त चिकटणारा तुकडा वापरला. तो प्रथिनाला झाकतो, पण दाबत नाही. सीटीएलए-४ झाकलं तेव्हा टी पेशींची वाढ जोरात झाली. प्रतिपिंड वापरून तेच प्रथिन दाबलं तेव्हा वाढ मंदावली. म्हणजे हा ब्रेक! जेफ्री ब्लूस्टोन यांचा गटही त्याच सुमारास याच निष्कर्षावर आला. पुढे १९९५मध्ये इतर प्रयोगशाळांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. टी पेशी बेसुमार वाढून ते उंदीर जन्मानंतर तीन-चार आठवड्यांतच मेले. ब्रेक किती गरजेचा आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. हे उंदीर लक्षात ठेवा, दुष्परिणामांच्या वेळी ते पुन्हा भेटतील.

ब्लूस्टोन यांनी या शोधाचा उपयोग शरीर स्वतःवरच उलटतं अशा आजारांसाठी होतो का, ते पाहायचं ठरवलं. अ‍ॅलिसन यांनी उलटं विचारलं: ब्रेकवरचा पाय काढला तर टी पेशी कॅन्सरची गाठ संपवतील का? १९९४च्या अखेरीस त्यांच्या प्रयोगशाळेतल्या डॅना लीच यांनी उंदरांवर हे करून पाहिलं. निकाल इतका चांगला आला, की अ‍ॅलिसन यांचाच विश्वास बसेना. प्रयोग लगेच पुन्हा लावला. पण नाताळ आला होता, लीच यांचा प्रवास ठरलेला. मग उंदरांच्या गाठी अ‍ॅलिसन स्वतः मोजत बसले. कोणत्या उंदरांना कोणतं इंजेक्शन दिलंय, हे त्यांना मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. सुरुवातीला सगळ्याच गाठी वाढत राहिल्या आणि ते खट्टू झाले. मग एका गटातल्या गाठींची वाढ थांबली, आणि हळूहळू त्या नाहीशाच झाल्या. १९९६मध्ये हे ‘सायन्स’मध्ये छापून आलं.

तरीही औषध कंपन्या दारात उभ्या करेनात. रोगप्रतिकार यंत्रणेतून कॅन्सर बरा करण्याचे आधीचे बरेच प्रयत्न फसले होते, आणि हे औषध तर गाठीला हातही लावत नव्हतं. शेवटी मेडारेक्स या छोट्या कंपनीने ते हाती घेतलं. माणसाची प्रतिपिंड-जनुकं घातलेल्या उंदरांपासून त्यांनी मानवी प्रतिपिंड बनवलं आणि काही वर्षांतच ते रुग्णांना देऊन पाहायला सुरुवात झाली. तेच पुढचं इपिलिमुमॅब.

चाचण्यांत पुन्हा एक खड्डा होता. केमोथेरपी पेशींना थेट मारते, त्यामुळे गाठ आटली की नाही हे काही आठवड्यांतच स्कॅनवर दिसतं. इथे टी पेशींना आधी वाढायला वेळ लागतो. कधीकधी त्या गाठीत शिरल्यामुळे पहिल्या स्कॅनमध्ये गाठ उलट मोठी दिसते. ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून थांबवावं, तर नेमकं तेव्हाच काम सुरू झालेलं असतं. फायझर कंपनीची याच धर्तीच्या औषधाची मोठी चाचणी २००८मध्ये अशीच मध्येच थांबली. इपिलिमुमॅबच्या बाजूने गाठीच्या मापाऐवजी रुग्ण किती काळ जगतात, हे मोजायचं ठरलं. माझ्या मते औषध वाचलं ते या निर्णयामुळे.

२०१०मध्ये निकाल आला. मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर, शरीरभर पसरलेले ६७६ रुग्ण चाचणीत होते. तुलनेसाठी नुसती लस दिलेल्यांपैकी निम्मे ६.४ महिन्यांतच गेले, तर इपिलिमुमॅब मिळालेल्यांत हा काळ सुमारे १० महिने झाला. आकडा लहान वाटतो, पण खरी गोष्ट त्यापुढे आहे. नंतर वेगवेगळ्या चाचण्यांतले १,८६१ रुग्ण एकत्र पाहिले, तेव्हा पाचातला एक तीन वर्षांनंतरही हयात होता, आणि तिथून पुढे आलेख जवळजवळ सपाट राहिला. मार्च २०११मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

२०१८चं नोबेल अ‍ॅलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांना विभागून मिळालं. होंजो यांनी पीडी-१ हा वेगळा ब्रेक शोधला होता. सीटीएलए-४ लढतीच्या आरंभी, मुख्यतः लसिका ग्रंथींत लागतो. पीडी-१ नंतर, खुद्द गाठीपाशी. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही आज भारतात जास्त ऐकू येणारी नावं पीडी-१ वरची. (अ‍ॅलिसन हार्मोनिका छान वाजवतात. प्रतिकारशास्त्रज्ञांच्या त्यांच्या वाद्यवृंदाचं नाव ‘द चेकपॉइंट्स’, कारण या ब्रेकना त्या शास्त्रात चेकपॉइंटच म्हणतात.)

आता ते उंदीर. ब्रेक सोडला की टी पेशी निरोगी अवयवांवरही जाऊ शकतात: आतडं, त्वचा, यकृत, फुप्फुस, थायरॉइड, पिट्युटरी. २०१०च्या त्याच चाचणीत १४ मृत्यू औषधांशी निगडित होते. आपल्याकडे चूक होते ती साध्या जुलाबांत. बाहेरचं खाल्लं असेल म्हणून घरीच गोळी घेतली जाते आणि चार दिवस जातात. हे उपचार चालू असताना, किंवा संपून काही महिने झाले असले तरी, जुलाब, पुरळ, धाप, कावीळ, न जाणारी डोकेदुखी किंवा फार थकवा आला, तर आपण त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवावं. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर इम्युनोथेरपी चालू आहे, हे आधी सांगावं. वेळेत स्टेरॉइड मिळालं तर बहुतेक त्रास आटोक्यात येतात.

सगळ्यांना हे लागू पडत नाही, हेही नीट ऐकून ठेवा. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये यश तुटपुंजं आहे. प्रोस्टेटमध्येही तसंच, आणि अ‍ॅलिसन यांचे भाऊ त्याच रोगाने गेले. त्यांना स्वतःलाही तो झाला होता. म्हणून औषध सुचवलं गेलं तर दोन प्रश्न विचारा: या प्रकारच्या कॅन्सरमध्ये त्याचा पुरावा किती आहे, आणि गाठीच्या कोणत्या तपासणीवरून ते निवडलं?

तिसरा प्रश्न पैशांचा, आणि तिथे मुंबईच्या टाटा मेमोरियलने मोलाचं काम केलं आहे. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या तोंड-घशाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर त्यांनी चाचणी केली. निम्म्यांना नुसत्या गोळ्यांचा उपचार, बाकीच्यांना त्यासोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. वर्षानंतर पहिल्या गटातले सुमारे १६ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले सुमारे ४३ टक्के. हा निकाल त्या रोगापुरता आणि त्या उपचाराच्या जोडीपुरता आहे, दुसऱ्या कॅन्सरला तसाच लावता येत नाही. पण खर्च ऐकून उपचार सोडायचं मनात आलं असेल, तर उठण्याआधी कमी मात्रेचं डॉक्टरांना विचारून घ्या.